मक्याच्या पोंग्यात अळी, पण नेमकी कुठली? उद्या फवारू की थांबू?

कणसाची_वाट
मंडळी नमस्कार. मका २१ दिवसांचा झालाय, सहा-सात पानांवर आहे. आठवडाभरापूर्वी पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे दिसले, कुणी नखानं खरवडल्यासारखे. मला वाटलं अन्नद्रव्याची कमतरता असेल म्हणून दुर्लक्ष केलं. आज सकाळी बघतो तर पोंग्यातनं जी नवी पानं उलगडतायत ती फाटकीतुटकी, आणि पोंग्यात ओल्या लाकडाच्या भुशासारखं काहीतरी भरलेलं. एक पोंगा उलगडला तर आत करडी-तपकिरी अळी, साधारण दीड सेंटिमीटर. पण वावराच्या एका कडेला वेगळाच प्रकार आहे, तिथं पानं एवढी खाल्लेली नाहीत पण मधला पोंगाच वाळलाय, ओढला की अलगद हातात येतो. एकजण म्हणाला अळी म्हणजे अळी, एकच औषध मार आणि मोकळा हो. पण मला मारायच्या आधी समजून घ्यायचंय की माझ्या वावरात एक अळी आहे की दोन. आणि उद्या सकाळी पंप भरू की नको?

पंपवाला
भाऊ विचार कसला करताय, ही अमेरिकन लष्करी अळी. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, लिटरला ०.४ ग्रॅम, आणि मारा उद्याच. एक एक दिवस महत्त्वाचा आहे.

कीटकवेडी
पंपवाले दादा, औषध बरोबर असेलही पण अजून त्यांनी अळीचं डोकं बघितलेलं नाही, किती झाडांवर आहे ते मोजलेलं नाही आणि कडेच्या पट्ट्याचं तर काहीच कळलेलं नाही.

दादा (धागाकर्ते), एक अळी तळहातावर घ्या आणि उजेडात बघा. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. डोक्यावर पांढरट रेघांचा उलटा इंग्रजी वाय दिसतो का. पण फक्त त्याच्यावर विसंबू नका, तसली फिकट रेघ दुसऱ्याही अळ्यांच्या डोक्यावर थोडीफार असते. खरी खूण मागे आहे. शेपटाकडून दुसऱ्या भागावर चार मोठे काळे ठिपके, आणि ते चार ठिपके चौकोनात. बाकीच्या भागांवरही चार-चार ठिपके असतात पण ते चौकोनात नसतात, पुढचे दोन जवळ आणि मागचे दोन लांब असे. चौकोन आणि वाय दोन्ही दिसलं की अमेरिकन लष्करी अळी. एक लक्षात ठेवा, अगदी लहान अळीत यातलं काहीच नीट दिसत नाही, ती हिरवट आणि काळ्या डोक्याची असते, त्यामुळे पोंग्यातली त्यातल्या त्यात मोठी शोधा.

कडेच्या पट्ट्याबद्दल, ज्याला आपण पोंगेमर म्हणतो ते तीन वेगवेगळ्या किडींमुळे होऊ शकतं. वाळलेला पोंगा ओढलात तसं आता ते रोप बुडापासून उपटा, खोड उभं चिरा आणि आत कोण आहे ते बघून इथं सांगा. तोवर पंप भरू नका.

जुना_नांगर
ताईंनी सांगितलं ते करा. मी नावाबद्दल बोलतो कारण इथंच लई लोकांची गफलत होते. आमच्या तरुणपणी लष्करी अळी म्हणायचो ती वेगळी. ती रात्री झुंडीनं यायची, पान कडेनं खात आत जायची आणि मधली शीर तेवढी शिल्लक ठेवायची, दिवसा ढेकळाखाली नाहीतर पोंग्यात लपायची, एक वावर संपलं की रांगेनं दुसऱ्या वावरात. ही नवी आली अमेरिका खंडातून, तिकडं ती आधीपासूनची. आफ्रिकेत २०१६ ला सापडली, आपल्या देशात २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात पहिल्यांदा दिसली, आणि तिथून वाऱ्यावर पसरली म्हणा ना. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो असं सांगतात. त्यामुळं २०१८ च्या आधीचा अनुभव मक्याला जसाच्या तसा लावू नका, मी लावला होता आणि एक हंगाम फुकट घालवला. मला वाटलं झुंड येईल तेव्हा बघू. ही झुंडीनं येत नाही, गुपचूप प्रत्येक पोंग्यात एक एक बसते.

नवा_कास्तकार
काका प्रत्येक पोंग्यात एकच का पण? पतंग एकेक अंडं घालत फिरतो का?

कीटकवेडी
नाही रे, उलट पुंजका घालते मादी. एका पुंजक्यात साधारण १०० ते २०० अंडी, वरून स्वतःच्या अंगावरचे करडे केस लावून झाकलेली, पानावर बुरशीचा फुगवटा असावा तसं दिसतं. आयुष्यात हजार-दीड हजार अंडी. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत फुटतात. मग ती पिल्लं आधी तिथंच पानाचा हिरवा भाग खरवडतात, पलीकडचा पापुद्रा तेवढा राहतो, म्हणून ते कागदी चट्टे. (धागाकर्ते दादा, तुम्ही आठवड्यापूर्वी पाहिलेली "कमतरता" तीच.) नंतर तोंडातून धागा सोडून लोंबकळतात आणि वाऱ्यानं शेजारच्या झाडांवर जातात. आणि मोठ्या झाल्या की एकमेकींना खातात. एका पोंग्यात पाच गेल्या तरी शेवटी एक, फार तर दोन उरतात. मी एकदा दोन मोठ्या अळ्या एकाच बाटलीत ठेवल्या, भरपूर पानं घालून, तरी सकाळी एकच होती.

नवा_कास्तकार
बापरे

बांधावरची
हो हे मी पण पाहिलंय. म्हणून मी सुरवातीच्या पंधरा दिवसांत रोज सकाळी अंड्यांचे पुंजके शोधत फिरते, मुलं पण येतात, जो जास्त शोधेल त्याचा नंबर पहिला. एक पुंजका चिरडला की शंभर अळ्या गेल्या, एवढं स्वस्त औषध दुसरं नाही. मोठ्या क्षेत्रावर जमत नाही हे मान्य, पण थोडा मका असेल तर करून बघाच.

पंपवाला
ताई तुमचं एक एकर असेल, आमचं जास्त आहे, पुंजके शोधत बसलो तर तुरा येईल तोवर.

बांधावरची
दादा मी कुठं म्हटलं सगळं शिवार शोधा, कडेच्या ओळी आणि मधल्या दोन-चार ओळी बघितल्या तरी अंदाज येतो की पतंग आलेत का नाही.

कणसाची_वाट
परत आलो. दोन तास वावरात होतो.

अळी बघितली. डोक्यावर वाय आहे, मागे चौकोनही आहे, मोबाईलमध्ये स्पष्ट दिसतो. म्हणजे पानं खाणारी अमेरिकन लष्करीच.

कडेच्या पट्ट्यात सहा रोपं उपटून खोड चिरलं. चारांत आत पोकळ बोगदा आणि मळकट पिवळसर अळी, तपकिरी डोकं, पाठीवर लांबीभर बारीक गडद ठिपक्यांच्या रांगा. दोनांत काहीच नाही, नुसती विष्ठा. आणि आता नीट बघितल्यावर त्या पट्ट्यातल्या काही पानांवर आडव्या ओळीत टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आहेत, एकसारखी. तुमचं म्हणणं होतं तीन किडी, तर ही कुठली?

कीटकवेडी
खोडकिडा. अगदी पुस्तकातलं लक्षण दिलंत तुम्ही. याची मादी पानाच्या खालच्या बाजूला शिरेजवळ माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक अंडी लावते, पिल्लं गुंडाळलेल्या पोंग्यात शिरून आरपार खातात, आणि गुंडाळी उलगडली की एका ओळीत भोकं दिसतात. कागदाची घडी घालून सुई टोचली आणि कागद उलगडला तर जसं दिसेल तसं. मग अळी खोडात शिरते आणि वाढणारा कोंब कापते, झाली पोंगेमर.

दुसरी असती ती गुलाबी खोडकिडा, अंगावर ठिपके नाहीत, गुळगुळीत गुलाबीसर, ती अंडी पानाच्या देठाच्या आवरणाखाली लपवते. आणि तिसरी म्हणजे खोडमाशी, ती अळी नाहीच, माशीची पिल्लं, पांढरट, ना डोकं ना पाय, आणि ती अगदी कोवळ्या रोपात येते. पाय आहेत का हे बघणं सगळ्यात सोपं.

एक पुरवणी, लष्करी अळी पण कोवळ्या रोपाचा कोंब खाऊन पोंगेमर करू शकते. म्हणून पोंगेमर दिसली की खोडकिडाच असं धरून चालू नका, चिरून बघा. दादांनी चिरलं म्हणून कळलं.

माती_आणि_मुंग्या
रोपं जमिनीलगत कापून आडवी पडलेली असतील तर ती अजून वेगळी, रोपं कुरतडणारी अळी. दिवसा मातीत एक-दोन इंच खाली वेटोळं करून बसते. या धाग्यात तिचा विषय नाही पण कुणी वाचणारा असेल म्हणून लिहिलं.

पंपवाला
ठीकाय, दोन्ही मान्य. मग आता मारू द्या की त्यांना. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के, ०.४ मिली लिटरला, दोन्हीवर चालतं.

कीटकवेडी
त्याच्या आधी मोजणी. दादा, इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात वावर चाला, पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी सलग २० झाडं. झाडाच्या सगळ्यात आतल्या दोन-तीन पानांवर ताजं नुकसान किंवा ओली विष्ठा असेल तरच ते झाड धरायचं. खालची जुनी फाटकी पानं अजिबात धरू नका, ती मागच्या आठवड्याची गोष्ट सांगतात. १०० झाडांत किती ते सांगा. आणि दहा-बारा पोंगे उलगडून अळ्यांची लांबी.

जुना_नांगर
हे जुनं पान न धरण्याचं लई महत्त्वाचं. मका फाटका दिसतो म्हणून माणूस घाबरतो आणि अळी कधीच मातीत कोषात गेलेली असते. तेव्हा मारलेलं औषध कुणाला मारतं, मित्रकीटकांना.

हिरवी_फांदी
आणि दादा पोंगे उलगडताना मेलेल्या किंवा सुस्त अळीशेजारी पांढरा कापसासारखा बारीक कोष दिसला तर तो चिरडू नका. ती गांधीलमाशीच्या जातकुळीतली परजीवी माशी असते, अळीच्या आत वाढून बाहेर येऊन कोष करते. आणि पानाला चिकटून वाळलेली, वर पांढरी नंतर फिकट हिरवी पावडर आलेली अळी दिसली तर ती बुरशीनं मेलेली. ती तिथंच राहू द्या, तिच्यामुळं पुढच्या मरतात. दमट हवेत तर वावरात खूप दिसतात अशा.

कणसाची_वाट
मोजलं. १०० झाडांत १७ वर ताजं नुकसान. १२ पोंगे उलगडले, आठांत अळ्या एक सेंटिमीटरच्या आत, दोनात दीड-दोन, आणि दोनात काहीच नाही. पोंगेमर वेगळी मोजली, ती फक्त कडेच्या पट्ट्यात आहे, तिथं ५० झाडांत ९, बाकी वावरात १०० त एक. पांढरा कोष एक सापडला! फोटो काढून परत तसाच ठेवला.

कीटकवेडी
छान काम केलंत. आता बोलता येतं. रोपावस्थेत ५ टक्क्यांच्या आसपास नुकसान असताना निंबोळी अर्क, आणि पुढे पोंगा मोठा झाल्यावर १० ते २० टक्के झाडांवर ताजं नुकसान असेल तर रासायनिक, अशी साधारण शिफारस असते. तुम्ही १७ वर आहात, म्हणजे फवारणीला कारण आहे. आणि बहुतेक अळ्या एक सेंटिमीटरच्या आत आहेत म्हणजे वेळ पण योग्य आहे. अळीच्या सहा अवस्था असतात, शेवटच्या दोन अवस्थांत ती तिच्या आयुष्यातलं बहुतेक सगळं खाणं खाते आणि त्याच वेळी औषधाला दाद देत नाही, कारण अंगानं मोठी आणि वर विष्ठेचं बूच लावून आत बसलेली. म्हणून दीड-दोन सेंटिमीटरवाल्यांची खात्री देता येत नाही.

पंपवाला
म्हणजे मी पहिल्यांदा सांगितलं तेच 🙂

कीटकवेडी
औषध तेच, दादा. पण १०० त ४ निघाली असती तर? किंवा सगळ्या अळ्या साडेतीन सेंटिमीटरच्या निघाल्या असत्या तर?

पंपवाला
हे मान्य. मी खरंच मोजत नाही, यंदा मोजतो. माझ्याकडून फवारणीचं सांगतो कारण त्यात माझा हात बसलाय. धुकं मारल्यासारखं पानांवरून मारू नका. नोझलचं तोंड खाली, सरळ पोंग्यात, प्रत्येक झाडाच्या पोंग्यात द्रावण उतरलं पाहिजे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, अळी तेव्हा वर येते. दुपारच्या उन्हात मारलेलं वाया. पाणी भरपूर वापरा, पाण्यात कंजुषी केली की औषध पोंग्यापर्यंत पोचतच नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या विरुद्ध चालू नका. आणि लेबल वाचा, त्यावर मका लिहिलंय का, फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते.

मुरघासवाली
शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा. आम्ही मका मुरघासासाठी हिरवा कापतो, दाण्यासाठी लावणाऱ्याला जेवढे दिवस मिळतात तेवढे आम्हाला मिळत नाहीत. औषध मारलेला पाला लेबलवरचे दिवस पुरे होईपर्यंत जनावरांच्या पुढे नको.

हिरवी_फांदी
मला एक मत मांडू द्या, भांडायचं नाहीये. १७ टक्के आहे, परजीवी कोष सापडलाय, बुरशी असू शकते. निंबोळी अर्क ५ टक्के किंवा मेटारायझियम (अळीला मारणारी बुरशी) मारून बघितलं असतं तर मित्रकीटक वाचले असते. बीटी जिवाणूची पावडर पण आहे, लिटरला २ ग्रॅम, तीही एक सेंटिमीटरच्या आतल्या अळ्यांवर चांगली चालते. सगळे सरळ रासायनिककडे धावतात.

जुना_नांगर
हिरव्या फांदीचं म्हणणं चुकीचं नाही पण उशीर झालाय. जैविक आणि निंबोळी हे अंडी आणि पहिल्या-दुसऱ्या अवस्थेसाठी. पहिले पांढरे चट्टे दिसले तेव्हा निंबोळी मारलं असतं तर आज हा धागाच निघाला नसता. आता दीड-दोन सेंटिमीटरच्या पण आहेत.

हिरवी_फांदी
काका बारापैकी दोनच आहेत तशा.

जुना_नांगर
बारापैकी दोन म्हणजे सहात एक. त्या दोन वाचल्या की पतंग होऊन पुढच्या पिढीला हजार अंडी प्रत्येकी. मी तरी एक फवारणी करीन, पण एकच, आणि पुढची गरज पडली तर दुसऱ्या गटातलं.

माती_आणि_मुंग्या
"दुसऱ्या गटातलं" हे नीट समजून घ्या लोकहो. इमामेक्टिन, क्लोरँट्रानिलीप्रोल आणि स्पिनेटोरम ही तीन वेगळ्या पद्धतीनं काम करतात, म्हणून ती आलटून पालटून चालतात. पण वेगळ्या नावाच्या दोन बाटल्यांत एकच घटक असू शकतो, मग नाव बदललं तरी अळीला फरक पडत नाही. बाटलीवरचा घटक वाचा. ही अळी प्रतिकारशक्ती तयार करण्यात फार पुढे आहे, प्वेर्तो रिकोमध्ये तिनं बीटी मक्यातल्या क्राय१एफ प्रथिनाला सुद्धा दाद देणं सोडलं. आणि चार औषधं एका पंपात मिसळून मारणं बंद करा, त्यानं चारही एकदम निकामी होण्याची वाट मोकळी होते.

बांधावरची
वाळू-चुन्याबद्दल कुणी बोललंच नाही. नऊ भाग कोरडी वाळू, एक भाग चुना, चिमूटभर प्रत्येक पोंग्यात, पेरणीनंतर पहिल्या महिनाभरात. मी करते. अळी वर येते, खाणं नकोसं होतं तिला. पण प्रमाण पाळा. एका वर्षी मी चुना जास्त घातला, निम्मानिम्म, आणि पोंग्यातली पानं भाजून पिवळी पडली. महिनाभर वाईट वाटत होतं ती झाडं बघून.

पंपवाला
मजूर किती लागतात याला?

बांधावरची
लागतात. खोटं सांगणार नाही, एका माणसाचं दिवसभराचं काम होतं आणि कंबर राहत नाही. थोड्या क्षेत्राला ठीक.

नवा_कास्तकार
मोठ्या अळ्यांसाठी विषारी आमिष असतं ना? भाताचा कोंडा आणि गूळ वालं?

पंपवाला
हो. १० किलो भाताचा कोंडा, २ किलो गूळ, दोन-तीन लिटर पाण्यात कालवून २४ तास आंबवायचा, आणि टाकायच्या अर्धा तास आधी १०० ग्रॅम थायोडिकार्ब मिसळायचं. पोंग्यात चिमूट चिमूट. एकराला पुरतं. संध्याकाळी टाका.

मुरघासवाली
आमिषाबद्दल कळकळीनं सांगते. गुळाचा वास जनावराला पण येतो. आमच्याकडं मागच्या वर्षी कालवलेली पाटी गोठ्याच्या बाहेर अर्धा तास राहिली आणि वासरू दावं तोडून तिथं पोचलं होतं. औषध मिसळायचं बाकी होतं म्हणून वाचलं. मिसळल्यावर पाटी एक मिनिट सोडू नका, उरलेलं बांधावर टाकू नका, पुरून टाका, कोंबड्या-कुत्री-शेळ्या सगळ्यांचा विचार करा. त्या वावरातला चारा कापायचा असेल तर आमिष वापरूच नका.

पंपवाला
ताई हे मी लिहायला हवं होतं. धन्यवाद.

कामगंध
मी सापळ्यांबद्दल. एकराला पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंग ओढणारे) पेरणीनंतर लगेच लावा, पिकाच्या उंचीला, पीक वाढेल तसे वर सरकवा. ते अळी कमी करायला नाहीत, त्यात फक्त नर अडकतात. ते तुम्हाला तारीख सांगतात. नर अडकायला लागले म्हणजे चार-पाच दिवसांत पांढरे चट्टे दिसणार, तेव्हाच वावरात शिरा. आणि गोळी लष्करीचीच आहे ना ते बघा, घाटे अळीच्या गोळीला हा पतंग येत नाही. मी पहिल्या वर्षी चुकीची गोळी लावून निवांत बसलो होतो, सापळा रिकामा म्हणून. नराच्या पंखाच्या टोकाला पांढरा त्रिकोणी डाग आणि मध्ये तिरका फिकट ठिपका असतो, तेवढं ओळखा.

कणसाची_वाट
सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी मारतो, क्लोरँट्रानिलीप्रोल, पोंग्यात नोझल धरून. पण खोडकिड्याच्या पट्ट्याचं काय? तिथं पण तेच?

कीटकवेडी
जी अळी खोडात शिरली ती फवारणीनं मरत नाही, हे मनाशी पक्कं करा. पट्ट्यातली पोंगेमर झालेली रोपं उपटा आणि वावराबाहेर नेऊन नष्ट करा, अळी आत आहे तोवरच. उरलेल्या रोपांवर अजून पानात असलेल्या पिल्लांसाठी तीच फवारणी उपयोगी पडेल. पुढच्या वेळी ट्रायकोग्रामाची (किडीच्या अंड्यात वाढणारी परजीवी माशी) कार्डं पेरणीनंतर दहा-बारा दिवसांपासून लावा, फवारणीच्या आसपास मात्र लावू नका, त्या इवल्या माश्या औषधानं मरतात.

जुना_नांगर
आणि काढणीनंतर धसकटं. खोडकिड्याची अळी वाळलेल्या खोडात आणि धसकटात झोपून राहते, पुढच्या हंगामापर्यंत. तुमच्या त्या कडेला मागच्या वर्षीची कडब्याची गंजी होती का?

कणसाची_वाट
काका तुम्ही कसं ओळखलं? कडब्याचा ढीग अजून तिथंच आहे!

जुना_नांगर
एका कडेलाच आहे म्हटल्यावर दुसरं काय असणार. तो हलवा किंवा कुट्टी करा. लष्करीचं उलटं, ती झोपत नाही, पण कोष मातीत दोन-तीन इंचांत करते, म्हणून खोल नांगरट. कोष वर आले की ऊन आणि पाखरं काम करतात.

नवा_कास्तकार
(सहा दिवसांनी) काय झालं पुढं?

कणसाची_वाट
आज परत डब्ल्यू चाललो. १०० त ४ झाडांवर ताजं नुकसान. आतली पानं स्वच्छ येतायत, जुनी फाटकी आहेत तशीच आहेत, पण आता ती बघून पोटात गोळा येत नाही. पोंगेमर नवीन नाही. कडबा कुट्टी केला. आता पुढची फवारणी कधी?

कीटकवेडी
तारीख ठरवून नाही. आठवड्यातून दोनदा मोजा, आकडा चढला तरच. सहा-सात पानांवरचा मका पानांचं बरंच नुकसान भरून काढतो.

मुरघासवाली
आणि कणीस लागल्यावर? आमच्याकडं कणसाच्या टोकाला केसांतून आत जाऊन दाणे खाल्लेले, आणि तिथं गुलाबी-पांढरी बुरशी. ही पण लष्करीच का?

माती_आणि_मुंग्या
टोकाकडून केसांवाटे आत गेली असेल तर घाटे अळी असण्याची शक्यता जास्त, ती केसांवर एकेक अंडं घालते. लष्करी केसांवाटेही जाते पण बऱ्याचदा कणसाच्या बाजूनं आवरणाला भोक पाडून जाते. घाटे अळीच्या अंगावर बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते, आणि मागे तो चौकोन नसतो. या टप्प्यावर फवारणीचा खर्च निघत नाही, अळी आवरणात बंद असते. पण बुरशी गंभीरपणे घ्या. अळीच्या जखमेतून बुरशी शिरते आणि काहींची विषं दाण्यात उतरतात, फ्युमोनिसिन, अफ्लाटॉक्सिन. ती कणसं वेगळी काढा, जनावरांना देऊ नका. आवरण टोकापर्यंत घट्ट झाकणारं वाण निवडलं तर हा त्रास कमी होतो.

मुरघासवाली
वेगळी काढते. यंदा सगळी एकत्रच गेली असती.

नवा_कास्तकार
मी पण आज माझ्या मक्यात फिरलो, १४ दिवसांचा आहे. एक पुंजका सापडला! पण अंडी हिरवट-पांढरी नाहीत, काळी कुळकुळीत आहेत, चकचकीत. चिरडू का बांधावरच्या ताई?

बांधावरची
मी तर दिसला की चिरडते. पण काळी कधी बघितली नाहीत रे. हिरव्या फांदी, सांगा तुम्ही.

हिरवी_फांदी
थांब, चिरडू नको! फुटायच्या आधी अंडी करडी-काळपट होतातच, आतल्या पिल्लाचं डोकं दिसतं. पण पूर्ण चकचकीत काळी असतील तर बहुतेक आत ट्रायकोग्रामा आहे. पानाचा तेवढा तुकडा कापून काचेच्या बाटलीत ठेव, तोंडाला बारीक कापड बांध, सावलीत ठेव. अळीची असतील तर एक-दोन दिवसांत पिल्लं निघतील, मग बाटलीसकट बुडव.

नवा_कास्तकार
(पाच दिवसांनी) अळी एकही निघाली नाही. आज सकाळी बाटलीच्या काचेवर मिठाच्या कणापेक्षा लहान माश्या फिरत होत्या, तीस-चाळीस तरी असतील. आईला दाखवल्या, मग बाटली वावराच्या मधोमध नेऊन उघडी करून आलो.